जिममधली ताकद कबड्डीच्या मॅटवर कशी उतरवायची: पावसाळ्यापासून सीझनपर्यंतचा पूर्ण प्लॅन

जून लागला की मातीची मैदानं बंद होतात, मग गावोगावची कबड्डीची पोरं जिम लावतात आणि चार महिने मनापासून घाम गाळतात. दिवाळीनंतर स्पर्धा सुरू होतात तोवर स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन मारलेली बैठक) ८० वरून १२० किलोवर गेलेला असतो, दंड भरलेले असतात, आणि पहिल्याच सामन्यात कोपऱ्यातल्याने घोटा धरला की पोरगं मागच्या वर्षीसारखंच जागेवर अडकतं. मग कुणीतरी जाणता माणूस सांगतो की जिमने अंग जड होतं, वजनं सोडा आणि नुसते जोर-बैठका काढा. मला हे पटत नाही. ताकद लागतेच, ८० किलोचा माणूस पायाला लटकल्यावर ताकदीशिवाय दुसरं काही कामाला येत नाही. पण जिममध्ये कमावलेली ताकद आपोआप खेळात येत नाही, ती आणावी लागते, आणि त्याचा एक क्रम आहे. तोच इथे नीट सांगतो. मी कबड्डी धरून लिहितोय पण कुस्ती, खोखो, फुटबॉलवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

ताकद अडकते कुठे

पहिलं म्हणजे वेळ. जड स्क्वॉटचा एक रेप, म्हणजे एकदा खाली जाऊन वर येणं, वर यायला दोन-तीन सेकंद घेतो, आणि स्नायूला शून्यापासून पूर्ण जोरापर्यंत पोचायलाच साधारण ०.३ सेकंदाहून जास्त वेळ लागतो. चढाईत हूल देऊन दिशा बदलताना पाय जमिनीला टेकलेला असतो पाव सेकंदाच्या आसपास. म्हणजे तुमच्याकडचा सगळा जोर लागायच्या आत पाय उचललेला असतो. इथे किती किलो उचलता यापेक्षा जोर किती पटकन लागतो हे जास्त महत्त्वाचं.

दुसरं दिशा. बारबेलचे बहुतेक व्यायाम सरळ वर-खाली होतात, पण चढाईपटू परत येतो तो मागे, तिरका, अर्धा वळून, एक पाय दुसऱ्याच्या हातात असताना. पुरुषांच्या १३ बाय १० मीटरच्या मॅटवर निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्या पुढे १ मीटरवर असते, म्हणजे बोनसला गेलेला माणूस घरापासून पावणेपाच मीटर लांब असतो. तेवढं अंतर मागे किंवा आडवं जाण्याचा सराव जिममध्ये कुणी केलेला असतो का? फार थोड्यांनी.

तिसरं कोन. गुडघा, खुबा ज्या कोनात मजबूत केलात त्या कोनाच्या आसपासच ती मजबुती जास्त दिसते, आणि स्थिर धरून ठेवायच्या व्यायामात तर हे फारच. प्रदीप नरवालची डुबकी आठवा, २०१७ च्या प्रो कबड्डीत पाटणा पायरेट्सकडून त्याने चढाईचे ३६९ गुण घेतले, आणि साखळीच्या, म्हणजे हात धरून उभ्या बचावपटूंच्या, हाताखालून निघताना तो किती खाली जातो ते स्लो मोशनमध्ये बघा. ज्याचा स्क्वॉट १४० किलोचा पण अर्ध्यावरच थांबणारा, त्याला त्या खोलीवरून उसळी मारता येणार नाही, कारण तिथे त्याने कधी ताकद कमावलीच नाही.

हा विचार नवा नाही. अनातोली बोंडारचुक हा सोव्हिएत हातोडाफेकपटू १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता, पुढे प्रशिक्षक झाला. त्याचा शिष्य युरी सेदिख १९७६ ला माँट्रियलमध्ये सुवर्ण घेऊन गेला आणि स्वतः गुरू त्याच स्पर्धेत कांस्य घेऊन तिसरा आला. सेदिखची १९८६ ची ८६.७४ मीटर ही फेक अजून विश्वविक्रम आहे. बोंडारचुकने व्यायामांची प्रतवारी लावली: एकदम सर्वसाधारण व्यायाम, मग त्याच स्नायूंचे पण खेळासारखे न दिसणारे, मग खेळातल्या हालचालीचा तुकडा जास्त वजनाने किंवा वेगाने करायचा, आणि शेवटी खुद्द खेळ. खेळाडू जितका वरच्या दर्जाचा तितका यातल्या पहिल्या दोन प्रकारांचा उपयोग कमी होत जातो असं त्याने दाखवलं. नवख्याला मात्र सगळ्याचाच फायदा होतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पायरी १: व्हिडिओ आणि वही

जिमच्या आधी हे करा, आणि या पायरीवर घाई करू नका. गेल्या सीझनचे मोबाइलवरचे जेवढे व्हिडिओ मिळतील तेवढे गोळा करा, संघातल्या कुणाच्या तरी घरच्यांनी शूट केलेले असतातच. तुमची प्रत्येक फसलेली चढाई किंवा सुटलेली पकड थांबवून थांबवून बघा आणि वहीत एका ओळीत लिहा की नेमकी कुठे फसली.

उदाहरणार्थ घोट्याची पकड. डावा कोपरारक्षक खाली बसतो, दोन्ही हातांची बोटं बुटाच्या जरा वर घोट्याभोवती अडकवतो, खांदा तुमच्या नडगीला टेकवतो आणि पाय स्वतःकडे उचलून घेतो. त्या क्षणी तुम्ही एका पायावर आहात. पहिल्या अर्ध्या सेकंदात तुम्ही धरलेला पाय खाली दाबून मध्यरेषेकडे खेचला तर त्याच्या बोटांची गाठ पक्की व्हायच्या आत सुटता, आणि तो अर्धा सेकंद गेला की मध्यरक्षक येऊन कमरेला बसतो आणि मग कितीही ताकद असली तरी काही होत नाही. आता वहीत काय लिहाल? पाय उचलला गेला आणि उभा पाय डगमगला, तर एका पायावरची ताकद आणि कमरेचा स्थिरपणा कमी. पाय खेचला पण उशिरा, तर जोर लागायचा वेग कमी. पाय खेचला, सुटला, पण पुढच्या दोन पावलांत परत सापडलात, तर वेग किंवा दम. आणि मुळात चुकीच्या वेळी कोपऱ्यात खोल शिरलात, तर ती कौशल्याची चूक आहे आणि जगातला कुठलाही स्क्वॉट ती दुरुस्त करणार नाही.

पकड करणाऱ्यांनीही असंच करायचं. धडक मारली पण चढाईपटू लॉबीबाहेर गेला नाही, ब्लॉकला उभं राहिलात पण छातीवरून ढकलले गेलात, घोटा धरला पण बोटं सुटली, साखळीत जोडीदाराचा हात सुटला. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

वहीत २०-२५ ओळी झाल्या की एक-दोन गोष्टी परत परत दिसायला लागतात. तुमचा प्रोग्राम त्या दोन गोष्टींसाठी बनवायचा, फोनवर सापडलेल्या दुसऱ्याच कुणाच्या शेड्यूलवरून नाही.

पायरी २: आज कुठे आहात ते मोजा

साध्या टेस्ट पुरतात. जागेवरून लांब उडी, एका पायावर सलग तीन उड्या (डावा-उजवा वेगळा), १० मीटर धाव फोनच्या स्लो मोशनमध्ये, स्क्वॉटचे जास्तीत जास्त वजनाने ३ ते ५ रेप, पुलअप किती, आणि बारवर टॉवेल टाकून तो मुठीत धरून किती वेळ लटकता. आराम झालेल्या दिवशी, नीट वॉर्मअप करून.

माझा ठोकताळा असा की ज्याचा पूर्ण खोलीचा स्क्वॉट स्वतःच्या वजनाच्या दीडपट होत नाही आणि ज्याला ८-१० स्वच्छ पुलअप येत नाहीत त्याने फॅन्सी व्यायामांच्या नादी लागूच नये. त्याची साधी ताकद वाढली की खेळात फरक दिसतो. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना तर पहिलं वर्षभर हेच पुरतं, त्यांना बँड, चेन, बॉक्स काही नको. डाव्या-उजव्या पायात मोठा फरक दिसला तर तो आधी भरून काढा, खास करून ज्या पायावर उभं राहून तुम्ही पाय लांबवता तो.

पायरी ३: जून-जुलै, पाया

सहा ते आठ आठवडे, आठवड्यात तीन दिवस. दर दिवशी एक पायाचा मोठा व्यायाम, एक ओढायचा, एक ढकलायचा, आणि शेवटी दोन छोटे. स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे जरा वाकवून, कमरेतून झुकून बार खाली-वर), एका पायाचा लंज (पाऊल पुढे टाकून खाली बसणं) हे आळीपाळीने, ४ सेट ५ रेप, एका रेपमध्ये जेवढं जास्तीत जास्त उचलू शकता त्याच्या ७५ ते ८५ टक्के वजन, आणि प्रत्येक सेटला एक-दोन रेप शिल्लक ठेवून थांबायचं. शेवटचा रेप मित्राने ओढून काढून द्यायची जी पद्धत आहे ती खेळाडूने सोडून द्यावी, त्यातून दुखणं जास्त मिळतं आणि ताकद थोडी. सेटमध्ये दोन-तीन मिनिटं आराम घ्या.

छोट्या व्यायामांत तीन गोष्टी कबड्डीवाल्याने कधीच सोडू नयेत. पहिली कोपनहेगन प्लँक, म्हणजे वरचा पाय बाकावर ठेवून आडवं उचलून धरायचं, यात मांडीचा आतला भाग तयार होतो, जो लांब पाय टाकताना सगळ्यात आधी दुखावतो. दुसरी नॉर्डिक, गुडघ्यावर बसून जोडीदाराने घोटे धरायचे आणि आपण हळूहळू पुढे झुकायचं, मागच्या मांडीच्या दुखापती कमी करण्यात हिच्याइतका पुरावा फार थोड्या व्यायामांना आहे. तिसरी मूठ: जड डंबेल हातात घेऊन चालणं, टॉवेल पुलअप. पकड करणाऱ्यांनी मानेचेही हलके व्यायाम घ्या, धडक मारताना डोकं चुकीच्या बाजूला गेलं तर मानेवर सगळं येतं.

जोर-बैठकांबद्दल विचारणारच, म्हणून सांगतो. तालमीतले जोर, बैठका, सपाट्या यांनी खांदे आणि खुबे मोकळे राहतात आणि दमदारपणा येतो, त्या वॉर्मअपला ठेवाच. पण एकदा दोनशे-तीनशे बैठका जमायला लागल्या की त्यापुढे जास्तीत जास्त ताकद वाढत नाही, कारण वजन तेच राहतं. तालमीतल्या जुन्या माणसांनाही हे ठाऊक होतं, म्हणून तर तिथे मुद्गल, गदा आणि पाठीवर माणूस घेऊन बैठका होत्या.

पायरी ४: ऑगस्ट-सप्टेंबर, ताकदीला वेग आणि दिशा

बहुतेकांचा प्रोग्राम इथेच तुटतो, कारण जड व्यायाम करताना वजनाचा आकडा वाढत असतो आणि तो सोडून उड्या मारायला मन होत नाही. जड व्यायाम बंद नाही करायचे, फक्त कमी करायचे: ३ सेट ३ रेप, आठवड्यात दोनदा, बार वर येताना जमेल तितक्या वेगात. वाचलेला वेळ आणि दम पुढच्या कामाला.

वेगासाठी जागेवरून लांब उडी, बाजूला एका पायावरून दुसऱ्या पायावर उडी, आणि मग दोन आठवड्यांनी गुडघ्याएवढ्या उंचीवरून उतरून लगेच वर उडी. एका दिवशी सगळ्या मिळून ३० ते ४० टेकण्या (पाय जमिनीला टेकला की एक), जास्त नाही, आणि उडी कमी पडायला लागली की त्या दिवसापुरतं थांबायचं. स्क्वॉटच्या जड सेटनंतर दोन-तीन मिनिटांनी ३-४ उड्या असं जोडून घेतलं तरी चांगलं चालतं.

दिशेसाठी चढाईपटूने स्लेड (वजन ठेवून ओढायची घसरगाडी) नसेल तर टायरला दोरी बांधून ती कमरेला लावावी आणि उलटं ओढत जावं, ५-६ मीटर, म्हणजे बोनस रेषेपासून मध्यरेषेपर्यंतच्या अंतराहून जरा जास्तच, मग आडवं ओढावं. वजन इतकंच की पाऊल पटपट पडेल. घोट्याच्या पकडीसाठी घोट्याच्या हाडाच्या वर रुंद पट्टा बांधा, जोडीदाराने तो दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचं, आणि शिट्टी वाजली की तुम्ही पाय खाली दाबून खेचायचा आणि दोन पावलं मध्यरेषेकडे. ३-४ सेकंदांचा जोर, मग पूर्ण मिनिटभर आराम, प्रत्येक पायाला ५-६ वेळा. जोडीदाराने झटका द्यायचा नाही आणि पाय पिळायचा तर अजिबात नाही, गुडघा जातो.

पकड करणाऱ्याचं काम वेगळं, त्याला पकडल्यावर सोडायचं नसतं, म्हणून त्याला स्थिर जोराचे व्यायाम जास्त उपयोगी. घोटा धरताना ज्या खोलीवर बसता त्याच खोलीवर बसून हलणार नाही असा दोर किंवा पट्टा ५-६ सेकंद सगळ्या ताकदीने ओढा, ५ वेळा. थाय होल्डच्या (मांडीच्या पकडीच्या) उंचीवर वाळूचं पोतं छातीशी कवटाळून १५-२० सेकंद धरा आणि जोडीदाराला ते हिसकावू द्या, कारण चढाईपटू काय गप्प उभा राहत नाही. धडकेसाठी जड टायर किंवा स्लेड खांद्याने २-३ मीटर ढकला, थांबलेल्या अवस्थेतून, खालून वर. कोपरारक्षक आणि मध्यरक्षक यांचा प्रोग्राम एकसारखा असायचं कारण नाही: कोपऱ्यावाल्याला मूठ आणि खोल बसायची ताकद, मध्यरक्षकाला पहिलं फुटणारं पाऊल.

पायरी ५: जिममधून थेट मॅटवर

जिमचा दिवस आणि कबड्डीचा दिवस पूर्ण वेगळे ठेवले की शरीर दोन वेगळ्या गोष्टी शिकतं. आठवड्यातून एकदा-दोनदा असं करा की हलकं, वेगवान वेट सेशन झालं की अर्ध्या तासात मॅटवर, आणि तिथे वहीतला तुमचा तो एकच प्रसंग परत परत.

चढाई शून्यातून सुरू करू नका. घोटा आधीच धरलेला, मध्यरक्षक दोन पावलांवर, शिट्टी, सुटा. किंवा पाठ कोपऱ्याकडे आणि समोर साखळी. चढाई ३० सेकंदांचीच असते आणि खरी झटापट त्यातही काही सेकंदांची, म्हणून हे ड्रिल १० सेकंदांत संपलं पाहिजे आणि मधे दीड मिनिट आराम पाहिजे. दमलेल्या पोरांना तासभर झटापटीला लावलं तर ती हळू झटापट करायला शिकतात, आपल्याला ते नकोय. ८-१० प्रयत्न पुरे. जोडीदाराने आधी ७० टक्के जोर लावायचा, तुम्ही सुटायला लागलात की पूर्ण. आणि प्रत्येक प्रयत्नाला कुणीतरी सुटला की नाही सुटला लिहून ठेवा.

पायरी ६: सीझनमध्ये काय ठेवायचं

नोव्हेंबर ते मे या काळात जिम पूर्ण सोडणारे खूप, आणि फेब्रुवारीपर्यंत त्यांची ताकद उतरलेली असते, महत्त्वाच्या स्पर्धा नेमक्या तेव्हाच असतात. आठवड्यात दोन छोटे सेशन ठेवा, ३५-४० मिनिटांचे: एक पायाचा व्यायाम, एक ओढायचा, २-३ सेट ३ रेप बऱ्यापैकी जड, कोपनहेगनचा एक सेट, थोड्या उड्या, घरी. शेवटचं जड सेशन सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी. स्पर्धेच्या आठवड्यात नवीन व्यायाम सुरू करायचा नाही, आणि नॉर्डिक तर सीझनमध्ये पहिल्यांदा चालूच करू नका, दोन दिवस पाय धरून बसाल.

पहाटे पाच किलोमीटर धावणं आणि संध्याकाळी पायाचं जिम हे आपल्याकडचं आवडतं शेड्यूल आहे. रॉबर्ट हिक्सनने १९८० मध्ये हे तपासलं होतं: ताकद आणि दमश्वासाचं भरपूर काम एकत्र करणाऱ्या गटाची ताकद सुरुवातीला बरोबरीने वाढली, पण सात-आठ आठवड्यांनी वाढ थांबली आणि शेवटी उतरायला लागली. कबड्डीला दम लागतो, २०-२० मिनिटांचे दोन डाव असतात, पण तो दम छोट्या स्फोटांचा आहे. लांब पळण्याऐवजी १५ ते ३० सेकंदांच्या झटापटी आणि धावा घ्या, आणि जड पायाच्या दिवसापासून त्या शक्यतो एक दिवस लांब ठेवा.

वजनी गटात खेळणाऱ्यांनी वजनाचा हिशोब जुलैतच करा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणी तोडून, जर्किन घालून पळून दोन-तीन किलो उतरवायचे आणि मग रात्री प्रकाशझोतात दोन सामने खेळायचे, यात चार महिन्यांची मेहनत एका दिवसात वाया जाते आणि तब्येतीलाही ते वाईट. माझं या बाबतीत ठाम मत आहे की प्रशिक्षकांनी पोरांना हे करू देऊ नये.

पायरी ७: उतरतंय की नाही ते कसं ओळखायचं

दर चार आठवड्यांनी पायरी २ च्या टेस्ट आणि पायरी ५ चा सुटला-नाही सुटलाचा हिशोब शेजारी शेजारी ठेवा. स्क्वॉट वाढला पण उडी तिथेच, तर ताकद आहे आणि वेग नाही: जड सेट आणखी कमी करा, उड्या आणि हलक्या वजनाचं वेगवान काम वाढवा. उडी वाढली पण १० मीटर धाव आणि झटापटीत फरक नाही, तर दिशा आणि कोन चुकताहेत, टायर आणि पट्ट्याकडे वळा. ड्रिलमध्ये सुटता पण सामन्यात नाही, तर ताकदीचा प्रश्न संपला, आता निर्णयाचा आहे. मग जिममध्ये आणखी काही घालू नका, अनोळखी बचावपटूंविरुद्ध जास्त सराव सामने खेळा. सगळंच एकदम खाली आलं असेल तर बहुतेक वेळा झोप आणि खाणं बघायचं. एक आठवडा काम निम्म्यावर आणा आणि परत मोजा.

मुलींच्या संघांनी हाच प्लॅन घ्यायचा, मॅट १२ बाय ८ ची आणि डाव १५ मिनिटांचे एवढाच फरक. फक्त उडीवरून उतरताना गुडघे आत पडताहेत का ते पायरी ४ च्या आधी पक्कं तपासा आणि पडत असतील तर उंचीवरून उतरायच्या उड्या तोवर नकोत, गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलींमध्ये जास्त दिसते आणि एकदा झाली की वर्ष जातं.

आणि गावात जिम नसेल तर अडून बसू नका. वाळूची दोन पोती, एक ३० किलोची एक ५० ची, ट्रकचा जुना टायर, जाड दोर, झाडाची आडवी फांदी नाहीतर शाळेचा सिंगल बार, आणि अंगावर घ्यायला तुमच्याच वजनाचा जोडीदार. पोतं खांद्यावर घेऊन एका पायाचे लंज आणि पूर्ण खाली जाणारे स्क्वॉट, टायर ओढणं, दोरावर लटकणं. जुलैपर्यंत ५० चं पोतं हलकं वाटायला लागेल, तेव्हा त्याच पोत्याने एका पायाच्या बैठकीला या, बाकाचा आधार घेऊन, प्रत्येक पायाला ५.